वहिनी किडनी देणार, पण ‘एकदा ऑपरेशन झालं की मोकळं’ होईल का?

ऐरोलीच्या ताईंचे तीन प्रश्न आहेत. भावाला वहिनी किडनी देणार आहेत आणि रक्तगट जुळलाय, तेवढं पुरे का? जुन्या किडन्या काढतात का? आणि ऑपरेशन झालं की सुटलो ना? मी ठाण्यात बसवलेल्या किडनीवरच राहतोय, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. सतत जंतुसंसर्ग होत असेल किंवा गाठींमुळे त्या फार मोठ्या झाल्या असतील, तरच काढतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसते, बहुतेकदा उजवीकडे.

वहिनींचं एका किडनीवर कसं होणार, ही चर्चा घरात चालू असेलच. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत रक्तात घेतात. एक काढली की उरलेली हळूहळू जास्त काम उचलते. ती उचलू शकेल ना, हेच बघायला वहिनींच्या इतक्या तपासण्या होतात. त्या तपासण्यांना कंटाळू नका.

आता ‘सुटलो’बद्दल. टाके घालायची विद्या जुनीच आहे. रक्तवाहिन्या जोडण्याच्या तंत्रासाठी अलेक्सी कारेल यांना 1912 सालीच नोबेल मिळालं होतं. तरी बसवलेली किडनी वर्षानुवर्षं टिकली ती 1954 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी केलेल्या ऑपरेशननंतर. रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची किडनी बसवली आणि तो पुढे आठ वर्षं जगला. दोघे हुबेहूब जुळे, म्हणून शरीराने ती परकी मानलीच नाही. बाकी सगळे अडले ते प्रतिकारशक्तीपाशी. मग ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली: साठच्या दशकात अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, मग टॅक्रोलिमस, तेव्हा कुठे नवरा-बायकोतलं दान इतकं सर्रास झालं. वहिनींची किडनी टिकवणार त्या या गोळ्याच, आणि त्या जन्मभर घ्यायच्या.

म्हणूनच नुसता रक्तगट पुरत नाही. भावाच्या रक्तात वहिनींच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी आहेत का, हे क्रॉसमॅच या रक्ततपासणीत कळतं. पूर्वी रक्त चढवलं असेल तर त्या तयार झालेल्या असू शकतात, डॉक्टरांना आठवणीने सांगा. कायद्याने पती-पत्नी जवळच्या नात्यात येतात, तरी लग्नाचा दाखला आताच काढून ठेवा. ऐनवेळी तोच सापडत नाही!

टॅक्रोलिमसची लेव्हल बघायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, रक्त दिलं की घ्यायची. पपनस बंद, कारण त्याने रक्तातली लेव्हल चढू शकते. गणपतीत गावाहून आलं तरी नाही. अंगदुखीची गोळी किंवा कुणी दिलेला काढा मनाने घ्यायचा नाही. आणि मेडिकलवाला ‘तेच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, फोन करा.