भांडण नको, कविता ऐक

फोंडा

प्रिय बाय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ओपन माइकला तू कविता वाचत असताना मागच्या टेबलावरून कुणीतरी ‘पुरे झालं गे!’ म्हणून ओरडलं, तुझी वाचाच बसली, आणि मग मित्रांनी चार्ल्स बुकोवस्की या अमेरिकन कवीच्या कवितावाचनांच्या लिंका पाठवल्या: हे बघ, लोकांना असं फाडायचं असतं. आता तू विचारतेस, हे शिकता येईल का.

येईल की. उलट उत्तरं आणि शिव्या शिकायला कितीसा वेळ लागतो? पण आयुष्यभर टेपा ऐकून पोट भरलेल्या माणसाला विचारलं आहेस, तेव्हा त्या लिंका कुठल्या क्रमाने ऐकायच्या ते आधी सांगतो. तू कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या १९७९ च्या वाचनापासून सुरुवात केलीस, म्हणून तुला फक्त दंगा दिसला.

सुरुवात कर १९६९ पासून. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीची झॅपल नावाची एक छोटी शाखा होती, तिच्यासाठी बॅरी माइल्स हा ब्रिटिश लेखक कवींचे आवाज टिपत होता. बुकोवस्की तेव्हा पन्नाशीला टेकलेला, लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात कारकुनी करणारा. समोर माणूस बसलेला असताना वाचायची त्याला लाज वाटायची. म्हणून माइल्सने यंत्र त्याच्या घरीच ठेवलं आणि त्याने एकट्याने कविता वाचून टेपा भरल्या. त्या टेपा लोकांपुढे यायला मध्ये बरीच वर्षं गेली. त्यात श्रोता नाही, टाळी नाही, शिवी द्यायला समोर कुणी नाही. तो आवाज कानात बसव: सावकाश, थोडा नाकातला, शब्दाचं शेपूट ओढणारा, आणि अनपेक्षितपणे मऊ.

मग १९७० चं बेलव्ह्यू. वॉशिंग्टन राज्यातलं कॉलेज, कृष्णधवल चित्रण. नुकताच मंचावर यायला लागलेला, अवघडलेला माणूस कागद चाळतो आणि वाचतो. त्यानंतर व्हँकुव्हर, आणि शेवटी १९८० च्या मार्चमधलं कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचचं वाचन. हे त्याचं शेवटचं जाहीर वाचन. पुढे तो १४ वर्षं जगला, लिहीत राहिला, पण मंचावर परत चढला नाही.

या शेवटच्या दोन्हींत आरडाओरडा आहे, बाटल्या आहेत, धमक्या आहेत. व्हँकुव्हरच्या चित्रणाचं तर नावच ‘इथे आता दंगल होणार’ अशा अर्थाचं. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोतल्या वाचनाची तबकडी निघाली तिचं नाव ‘पोएम्स अँड इन्सल्ट्स’. विकणाऱ्यांना काय खपतं ते नेमकं ठाऊक होतं.

आता एक काम कर. पडदा झाक आणि फक्त ऐक. तो प्रेक्षकांशी हुज्जत घालत असतो, आवाज चढलेला असतो. मग तो कवितेचं नाव सांगतो, आणि पहिल्या ओळीला आवाज पुन्हा १९६९ च्या खोलीत जाऊन बसतो. तोच संथपणा, तीच ओढ. समोर शेकडो माणसं असोत की भिंत असो, कविता तो जवळपास त्याच चालीने वाचतो. ओरडणाऱ्यांना गप्प करायला तो कवितेत आवाज वाढवत नाही. उलट खालीच नेतो, मग ज्यांना ऐकायचं असतं तेच इतरांना दटावतात. शिकायचं असेल तर हे शीक, बाय. भांडण हा त्याचा दोन कवितांमधला मोकळा वेळ आहे.

शिवाय रेकॉर्डिंग तुला फसवतं. माइक त्याच्या तोंडापाशी, प्रेक्षक लांब. खालून कुणी काय म्हणालं ते टेपवर पुसट येतं किंवा येतच नाही, आणि त्याचं उत्तर मात्र खणखणीत. मग वाटतं, हा उगाचच लोकांच्या अंगावर धावून जातोय. आधी चार जणांनी त्याला डिवचलेलं असतं. लोक तिथे बरेचदा त्याला भडकवायलाच यायचे, आणि तो तिकिटाचे पैसे वसूल करून द्यायचा. त्यात त्याचंही नुकसान झालं असं माझं मत आहे. रेडोंडो बीचला काही चांगल्या कविता गोंगाटात वाहून गेल्या आहेत.

बायकांना उद्देशून तो मंचावरून जे बोलतो, त्यातलं बरंच मला ऐकवत नाही. तुला राग आला असेल तर तो गिळू नकोस. कान उघडे ठेवायला माणूस आवडावा लागत नाही.

आणि दारू. वाचनाआधी भीतीने त्याला ओकाऱ्या व्हायच्या, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. ब्लॅक स्पॅरो प्रेसच्या जॉन मार्टिनने, म्हणजे त्याच्या प्रकाशकाने, महिना १०० डॉलर द्यायचं कबूल केलं, त्या भरवशावर त्याने टपालाची नोकरी सोडली. तेवढ्यात भागेना म्हणून वाचनं धरली, आणि वाचनं सोसावीत म्हणून बाटली. जर्मनीत पुस्तकं खपून पैसा नीट येऊ लागल्यावर त्याने वाचनंच बंद केली. तेव्हा दोन पेग मारून उभं राहण्याचा सल्ला जो मित्र देतोय, त्याला हा हिशेब ऐकव. आपल्या गोव्यात ग्लास हाताशी यायला वेळ लागत नाही. पण जीभ जड झाली की आधी श, ष, स यांची सरमिसळ होते, आणि तुझ्या पावसाच्या कवितेत तर ओळीओळीला ‘स’ आहे.

आपला श्रोता गप्प बसणारा असतो, हा समजही काढून टाक. जत्रेतल्या नाटकाला पहाटेपर्यंत बसणारी माणसं बघितली आहेस ना? एखाद्या नटाचं वाक्य चुकलं तर ते मांडवातून दुरुस्त करून मिळतं, पोरं रडत असतात, चणेवाला मधूनच फिरतो, आणि तरी चांगला प्रवेश आला की अख्खा मांडव कान देतो. बाकीबाब बोरकर कविता गाऊन म्हणत; त्यांच्याच कविता पु. ल. आणि सुनीताबाईंनी वाचून दाखवल्या. सुनीताबाईंना ऐक. त्या सूर लावत नाहीत, शब्दाला धक्का लागू देत नाहीत. लॉस एंजेलिसच्या त्या दारुड्याशी त्यांचं नातं जोडलं तर पुण्यातले लोक मला मारतील, पण कवितेच्या आत दोघंही शिस्तीचेच आहेत.

तर पुढच्या वेळी कुणी ओरडलं की थांब. एक घोट पाणी पी. उत्तर सुचलं तर एकच वाक्य बोल, नाही सुचलं तर कवितेचं नाव सांग आणि सुरू कर. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर मात्र त्याच्याशी झगडू नकोस, सर ओसरू दे, लोक थांबतात. कागद हातात ठेव, पाठ असलं तरी. हाताला काम असलं की मान वर करायची घाई होत नाही.

फोन स्वतःच्या हातात धरून रेकॉर्ड करू नकोस. तिसऱ्या रांगेतल्या कुणाच्या तरी मांडीवर दे, म्हणजे लोकांना तू कशी ऐकू येतेस ते कळेल, आणि मागून ओरडणाराही नीट ऐकू येईल. मग घड्याळ लावून मोज: कविता किती मिनिटं, कवितेआधीचं बोलणं किती. मागच्या वेळी तू चार ओळींच्या कवितेला एवढी मोठी प्रस्तावना दिलीस, की ‘पुरे झालं’ म्हणणारा कवितेला कंटाळला होता की प्रस्तावनेला, याची मला शंकाच आहे.

टेप पाठवशील तेव्हा मधली बडबड कापू नकोस. मला आधी तीच ऐकायची आहे.

तुझा,
काका