लास वेगासहून एकटाच गाडी घेऊन युटा-अ‍ॅरिझोनाची कॅन्यन पार्कं तंबूत राहून करायची आहेत. आठ दिवस आणि सह्याद्रीतला अनुभव पुरेल का?

अनुभव पुरणार नाही. पाय साथ देतील, सवयी घात करतील. ‘हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, ग्रँड कॅन्यनची मळलेली वाट काय अवघड!’ असं म्हणणारे आमच्या ट्रेकवाल्यांत आजही आहेत. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे.

गडावर चढ आधी. दमलात की मागे फिरा, उतारच गावात आणून सोडतो; पाणीही वर टाक्यात. कॅन्यनमध्ये सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात उतार भराभर संपतो आणि खरा चढ भर उन्हात, रिकाम्या बाटल्यांनिशी सुरू होतो. ग्रँड कॅन्यनमधली ब्राइट एंजलची वाट नदीपर्यंत साधारण १,३४० मीटर उतरते. तळाची हवा कड्यावरच्यापेक्षा ११ अंशांपर्यंत जास्त तापलेली असते. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा आणि एक तृतीयांश पाणी संपलं की वळा, मग समोर काहीही दिसत असो. मे ते सप्टेंबर दहा ते चार या वेळेत चढावर असूच नका. एका दिवसात नदी गाठून परत येण्याचा बेत तर काढूच नका. साउथ कैबाबच्या वाटेवर पाणी नाहीच. ब्राइट एंजलवर नळ आहेत, पण ते पाणी आणणारी पाइपलाइन फुटत असते, त्यामुळे त्या दिवशी नळ चालू आहेत का ते निघण्यापूर्वी विचारा.

‘भरपूर पाणी प्या’ हाही अर्धवट सल्ला. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, मीठ गेलेलं कळत नाही. वर नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळतो. लक्षणं ऊन लागल्यासारखीच, म्हणून तो आणखी पाणी पितो आणि जास्त बिघडतो. तासाला अर्धा ते एक लिटर, सोबत खारे दाणे किंवा ओआरएस. सुती शर्ट भिजवून अंगात घाला. पावसाळी ट्रेकला सुती कपडे टाळतो तो नियम इथल्या उन्हात लागू नाही.

सांदण दरी केलेल्यांना अरुंद घळींची भीती वाटत नाही. वाटायला हवी. सांदण पावसाळ्यात टाळायची एवढं कळलं की झालं. इथे जुलै ते सप्टेंबर डोक्यावर निळं आभाळ असताना लांबच्या पावसाचा लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यनमध्ये असेच ११ जण गेले. पाहायचा तो वरच्या सगळ्या पाणलोटातल्या पावसाचा अंदाज. झायनच्या नॅरोजमध्ये, म्हणजे नदीच्या पात्रातून चालायच्या अरुंद घळीत, प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की वाट बंद करतात.

गाडीत माणशी दिवसाला चार लिटर पाणी, वर एक दिवसाचं राखीव. कॅन्यनलँड्स पार्कच्या विलो फ्लॅट या तंबू लावायच्या जागेवर पाणी मिळत नाही. नदीचं गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये घातलंत तर फिल्टर तुंबेल. तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचं गाळा. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून दोरीला बांधून पुरा. युटातल्या सलायना ते ग्रीन रिव्हर या गावांदरम्यान, सुमारे १७५ किलोमीटर, पेट्रोल पंप नाही. चिकणमातीच्या कच्च्या रस्त्यावर पावसानंतर फोर बाय फोरही घसरते.

एकटं जाण्याला माझा विरोध नाही. पण २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकट्याने गेलेल्या अ‍ॅरन राल्स्टन या अमेरिकी गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला. तो कुठे गेलाय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि शेवटी त्याला तो हात कापून सुटावं लागलं. वाट, परतायची वेळ आणि किती वाजता मदतीला फोन करायचा, हे घरी लिहून द्या. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवा, फोनला रेंज धरू नका.

आठ दिवसांत झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ आणि मोआब (आर्चेस, कॅन्यनलँड्सजवळचं गाव) होईल. ग्रँड कॅन्यन हवंच असेल तर मोआब सोडा. वरचा उन्हाचा धाक ब्राइसला तितका लागू नाही. ते २,४०० मीटरच्या वर आहे, तिथे मे महिन्यातही रात्री पारा शून्याखाली जातो, स्लीपिंग बॅग त्या बेताची घ्या. झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२ पासून परमिट लागतं. आणि भारतातून येणार असाल तर २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झालाय, तो खर्चात धरा.