‘मुलाच्या इच्छेनुसार’: दोन शब्दांनी अडवलेली भेट

एका वडिलांचा प्रश्न आहे. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षे झाली, अकरा वर्षांच्या मुलाचा ताबा आईकडे. मुलगा त्यांच्याकडे असला की ‘मला इथेच राहायचंय’ म्हणतो, आईकडे गेला की ‘बाबांकडे नको’. चौदा महिने भेटी जवळपास बंद आहेत. मुलाचे बोलणे त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केले आहे. त्यावरून ताबा मिळेल का?

अशी पत्रे मला सतत येतात, कधी वडिलांची, कधी आईची. त्यामुळे मुलाचे हित सर्वोच्च वगैरे पुन्हा लिहीत नाही. तुमच्या संमतीपत्रातली सातवी अट पाहा: ‘वडील मुलास उभयतांच्या सोयीने व मुलाच्या इच्छेनुसार भेटतील.’ सगळे इथेच अडले आहे. वार नाही, वेळ नाही, मुलाला आणायचे कोणी आणि पोचवायचे कोणी तेही नाही. ‘लवकर सुटावे म्हणून सही केली,’ असे तुम्ही लिहिता. सही करण्याआधी ही एक ओळ वाचायला दोन मिनिटे पुरली असती. आता दरखास्त, म्हणजे आदेश अमलात आणण्याचा अर्ज, लावलीत तरी ती टिकणे कठीण, कारण मोडली असे दाखवता येईल अशी अटच त्यात नाही. मूल ‘नको’ म्हणाले की विषय संपतो.

त्या दोन शब्दांनी मुलावर काय लादले, तेही बघा. दर भेटीआधी त्याला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणावे लागते. तो खोटे बोलत नाही. ज्याच्या घरात आहे त्याला दुखवायचे टाळतो. रविवारी सकाळी दहाची भेट कागदावर ठरलेली असती, तर ‘जावंच लागतं’ एवढे आईला सांगून तो मोकळा झाला असता.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही ताब्याचे आणि भेटीचे आदेश बदलून मागता येतात. ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे. पण आत्ता ताबा मागू नका, भेटीची अट बदलून मागा. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भेटीचे स्वरूप, पद्धत आणि तपशील न्यायालयांनी स्पष्ट ठरवावेत असे म्हटले आहे, व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही विचार केला आहे. तो निकाल अर्जाला जोडा. वार, तास, ने-आण, सुट्ट्यांची वाटणी, चुकलेली भेट कधी भरून द्यायची, सगळे लिहा. ‘इच्छेनुसार’ हा शब्द वगळावा, ही मागणी वेगळी मांडा.

रेकॉर्डिंग दाखल करू नका. नेमके उलटे रेकॉर्डिंग आईकडेही असू शकते, आणि दोन्ही ऐकून न्यायाधीशांना एवढेच कळेल की मुलाला दोन्हीकडून ओढले जाते आहे. पालक व पाल्य कायदा, १८९० चे कलम १७(३) म्हणते, मूल समजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. घेऊ शकते, त्यावर ते बांधील नाही. शिवाय न्यायाधीश अशा मुलाशी बहुधा स्वतःच्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात.

तुमचे खरे नुकसान त्या चौदा महिन्यांनी केले आहे. एक नोटीस नाही, एक लेखी निरोप नाही. ‘मूल रुळले आहे, घडी मोडू नका,’ असे समोरचे वकील म्हणतील आणि न्यायालय ते हलक्यात घेणार नाही. त्यात आपल्याकडच्या तारखा. सुट्टीतल्या भेटीचा अर्ज सुट्टी संपल्यावर सुनावणीला आलेला मी पाहिला आहे, आणि दर वेळी संताप होतो, कारण मुलाची ती सुट्टी परत येत नाही. म्हणून अंतरिम भेटीचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्या, याच महिन्यात.

मुक्कामी भेट लगेच मिळेल की नाही, हे न्यायालयाच्या समुपदेशकांच्या अहवालावर ठरेल. आज खात्री देता येणार नाही. तोवर भेट बंद आहे म्हणून मुलाची पोटगी थकवू नका. आणि तो पुढच्या वेळी आला की ‘तुला कुठे राहायचंय?’ हा प्रश्न त्याला विचारू नका.