टोयोटा ८६ खाली आणण्यापूर्वी

गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करून ती किती खाली आणायची हे ठरवण्याआधी ती कशासाठी आणायची हे ठरवा, कारण दिसण्यासाठी लागणारे भाग आणि वळणावरच्या पकडीसाठी लागणारे भाग सारखे नसतात. टोयोटा ८६ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब आणि चाकाला खालून धरणारा एक आर्म (दांडा). अशी गाडी फार खाली आणली की खालच्या आर्मचे बाहेरचे टोक वर जाते, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक उतरते आणि स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर बुटकी झालेली गाडी वळणावर उलट जास्तच कलू शकते. मूळ स्प्रिंग कापून घेण्याचा स्वस्त सल्ला कोणी दिलाच, तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्या.

रोजच्या वापराला, माझ्या मते, वीस-पंचवीस मिलिमीटर पुरेत. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचे जोड) घेणार असाल तर उंची कशी बदलते ते नीट पाहा: नुसती स्प्रिंगखालची चकती उतरवली की शॉक अब्सॉर्बरच्या दांड्याची चाल कमी होते आणि खड्ड्यात तो लवकर बंप स्टॉपवर (चालीच्या शेवटच्या मऊ अडथळ्यावर) आदळतो, खालचा भाग स्वतंत्र आट्यांवर फिरत असेल तर चाल शाबूत राहते, मात्र टायर मडगार्डला घासत नाही ना, हे स्टीअरिंग पूर्ण वळवून तपासावे लागते.

गाडी खाली आणल्यावर बदलणारा मागचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) कंपनीच्या भागांवर जुळवता येत नाही, तेव्हा समायोज्य (लांबी बदलता येणाऱ्या) आर्मचा खर्च आधीच धरा. आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळून घ्या, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) त्यानंतरच करावे.