इंग्रजी चांगलं असेल तर टेक्निकल रायटर होता येतं का?

तुम्ही विचारलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, इंग्रजी चांगलं आहे, तर टेक्निकल रायटरचं काम मिळेल का आणि आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं.

काम मिळू शकतं. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. मी आधी यंत्रांची मॅन्युअल लिहायचे, आता सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते. नव्या मुलांचं लेखन तपासताना बहुतेक वेळा एकच उणीव दिसते: भाषा उत्तम असते, पण ज्या कामाबद्दल लिहिलंय ते काम लिहिणाऱ्याने कधी केलेलं नसतं, जवळ उभं राहून पाहिलेलंही नसतं.

तुम्ही मेकॅनिकलचे, म्हणून पंपाचंच उदाहरण घेते. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. मजकूर मराठीतच देते. ‘स्टार्टरचं हिरवं बटण दाबून पंप सुरू करावा. सुरू करण्यापूर्वी केसिंग पाण्याने पूर्ण भरल्याची खात्री करावी.’ व्याकरणात चूक नाही. पण पंपापाशी उभा असलेला माणूस एक ओळ वाचतो, तेवढं करतो आणि मग पुढची ओळ बघतो. दुसऱ्या वाक्यावर येईपर्यंत सेंट्रिफ्युगल पंप कोरडा फिरू लागलेला असतो, आणि तसा फिरला की मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू न देणारा भाग) तापून खराब व्हायला वेळ लागत नाही.

आता हे बघा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह, आणि प्रायमिंग म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं. ‘खबरदारी: पंप कोरडा चालवू नका, सील खराब होईल. १. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा. २. प्रायमिंगचा प्लग काढा. ३. बुडबुडे थांबून पाणी काठाशी येईपर्यंत केसिंगमध्ये पाणी ओता. ४. प्लग घट्ट बसवा. ५. पंप सुरू करा. ६. डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.’ इशारा आधी आला, एका पायरीत एकच काम राहिलं. तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘खात्री करावी’ म्हणून सोडून न देता डोळ्यांना काय दिसलं पाहिजे ते तिथे सांगितलंय. पंप भरताना पाहिला नसेल तर बुडबुडे सुचणारच नाहीत.

हे नियम माझे नाहीत. विमानांची देखभाल करणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मेकॅनिकला नीट कळावं म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली काढली. आज ती एएसडी-एसटीई१०० म्हणून ओळखली जाते. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं. ती मोफत मागवता येते, जरूर मागवा. आणि इंग्रजी आपली मातृभाषा नाही याचं दडपण घेऊ नका. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचीही ती नसते.

इंजिनिअरकडून माहिती काढणं हा कामाचा मोठा भाग आहे. ‘हे समजावून सांगा’ म्हटलंत तर तो डिझाइन सांगत बसेल. त्यापेक्षा ‘मध्येच लाइट गेली तर पुन्हा कुठून सुरू करायचं?’ असं विचारा. उत्तर देताना तो जिथे अडखळेल, तिथेच वापरणाराही अडणार आहे. पण आधी उपलब्ध कागद वाचून जा, त्याचा वेळ फुकट घालवू नका.

सॉफ्टवेअर कंपनीगणिक बदलतं. मार्कडाउन (साध्या मजकुरातच मथळे, याद्या लिहिण्याची पद्धत) आणि गिट (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) आधी शिका, दोन्ही फुकट आहेत. मॅडकॅप फ्लेअर (मॅन्युअल तयार करायचं सॉफ्टवेअर) किंवा डिटा (तांत्रिक मजकूर छोट्या तुकड्यांत लिहिण्याची ठरलेली पद्धत) नोकरीत शिकता येतं.

सर्टिफिकेटपेक्षा नमुन्याचं वजन जास्त. एखाद्या यंत्राच्या मॅन्युअलमधली किचकट प्रक्रिया निवडा, ती माहीतगार माणसाच्या देखरेखीखाली स्वतः करा आणि नव्याने लिहा. मग ज्याने ते काम कधी केलं नाही अशा कुणाच्या तरी हातात कागद द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. धोका दिसला तरच बोला. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल ती ओळ बदला. अर्ज करताना मूळ पान, तुमचं पान आणि काय, का बदललं याच्या चार ओळी, असं तिन्ही जोडा.