बोत्सवाना: ५८ वर्षांची सत्ता आणि हाती आलेल्या चार जागा

प्रश्न असा होता की, आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या बोत्सवानात १९६६ पासून सलग सत्तेत असलेली बोत्सवाना डेमोक्रॅटिक पार्टी (बीडीपी) ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम ४ जागांवर कशी आली, आणि हे हिऱ्यांच्या मंदीमुळेच झालं का?

हिरे आहेतच. निर्यातीत त्यांचा वाटा जवळपास ८० टक्के. मागणी पडली, तिजोरी आटली, बेरोजगारी २७ टक्क्यांच्या आसपास गेली. राज्यकर्त्यांना ते भोवणारच. पण मतांचे आकडे बघितलेत का? बीडीपीला सुमारे ३० टक्के मतं आहेत. म्हणजे मतांत दुसरा नंबर, जागांत चौथा! ८ टक्के मतं मिळवणाऱ्या बोत्सवाना पॅट्रिऑटिक फ्रंटला (बीपीएफ) ५ जागा आणि यांना ६१ पैकी ४.

तिथली निवडणूक पद्धत आपल्यासारखीच: मतदारसंघात ज्याला सर्वात जास्त मतं, तो खासदार. इतकी वर्षं याच पद्धतीने बीडीपीला तारलं. २०१४ मध्ये साडेसेहेचाळीस टक्के मतांवर ५७ पैकी ३७ जागा त्यांच्या, आणि २० टक्के मतं घेणाऱ्या विरोधी बोत्सवाना काँग्रेस पार्टीच्या (बीसीपी) पदरात फक्त ३. विरोधक फुटलेले असले की झालं, आणि ते फुटण्यात पटाईत होते. बोत्सवाना नॅशनल फ्रंट (बीएनएफ) या विरोधी पक्षाने १९९४ मध्ये ४० पैकी १३ जागा जिंकल्या, सगळ्यांना वाटलं आता बदल होणार. १९९८ मध्ये त्या १३ पैकी ११ खासदारांनी बाहेर पडून बीसीपी काढली. १९९९ मध्ये दोघांच्या मिळून ७ जागा. बीडीपीला काही करावंच लागलं नाही.

मग फूट बीडीपीच्याच घरात शिरली. तिथे राष्ट्राध्यक्ष मुदत संपायच्या आधी पायउतार होतो, उपाध्यक्ष आपोआप खुर्चीत बसतो आणि राष्ट्राध्यक्ष म्हणूनच निवडणुकीला सामोरा जातो. मासिरेंनंतर मोगाए (१९९८), मोगाएंनंतर इयन खामा (२००८), खामांनंतर मासिसी (२०१८). पहिले दोन बदल सुरळीत झाले, तिसऱ्यात बिनसलं. खामा म्हणजे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचे चिरंजीव, शिवाय बांग्वाटो समाजाचे प्रमुख. खुर्ची सोडली तरी वजन सोडायला ते तयार नव्हते, आणि मासिसी त्यांच्या सल्ल्याने चालायला तयार नव्हते. खामांच्या काळातली हत्तींच्या शिकारीवरची बंदीसुद्धा मासिसींनी उठवली. २०१९ मध्ये खामा पक्षाबाहेर पडले आणि नव्या बीपीएफच्या पाठीशी उभे राहिले. बांग्वाटोंचं मुख्य गाव सेरोवे, हा बीडीपीचा जुना बालेकिल्ला हातचा गेला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी बीडीपीच्या जागा वाढून ३८ झाल्या, कारण दक्षिणेत आणि राजधानी गाबोरोनच्या बाजूला त्यांनी भरपाई केली. माझ्या मते पक्ष तिथेच गाफील राहिला. २०२४ मध्ये दक्षिणेतली ती भरपाईही गेली. मतं देशभर पातळ पसरलेली, सगळीकडे दुसरा-तिसरा क्रमांक. अशा मतांना या पद्धतीत जागा मिळत नाहीत, हे बीसीपीला विचारा.

मासिसींबद्दल एक चांगलं बोलायलाच हवं: अंतिम निकालाची वाट न बघता त्यांनी हार मान्य केली. ५८ वर्षांनी सत्ता गेली, पण गोंधळ झाला नाही.

आता सत्तेत आलेल्या ड्युमा बोको यांच्या अम्ब्रेला फॉर डेमोक्रॅटिक चेंजकडे (यूडीसी) ३६ जागा आहेत, पण मतं ३७ टक्केच. शिवाय यूडीसी ही मुळात अनेक पक्षांची मोट, बीसीपी तिच्यातून आधीच बाहेर पडलेली. २०२९ मध्ये बीडीपी आणि बीसीपी जागावाटप करतात का, याकडे लक्ष ठेवा.