तीन मुलं, तीन मापं

नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. घरात लहानमोठी मुलं आहेत, नाताळ तोंडावर आलाय. कुणाला काय द्यायचं, आणि भांडणं न होता कसं द्यायचं? बडोद्यात हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांतून येतो असं नाही. कॉन्व्हेंटमध्ये जाणारी मुलं सांताची लाल टोपी घालूनच घरी येतात, मग दांडिया बाजारातल्या जोशी-शिंद्यांच्या घरीही रात्री उशाशी काहीतरी ठेवावं लागतं. आज लिहितेय ते मात्र फत्तेगंजातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाबद्दल. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई शिक्षिका, वडील नोकरदार, घरात आजी. मुलगी 13 वर्षांची, मधला मुलगा 8 वर्षांचा, धाकटा 4 वर्षांचा. आई खुर्चीत बसता बसताच बोलायला लागल्या, "ताई, मागच्या नाताळात प्रत्येकाला मोजून दीड-दीड हजाराचं घेतलं. बिलंसुद्धा जपून ठेवली होती, कुणी म्हणायला नको म्हणून. तरी तिघंही रुसून बसले. सासूबाई म्हणाल्या, लाडावून ठेवलीत. यंदा कुणालाच काही नको असं ठरवावं का?"

झालं होतं ते असं. थोरलीला इअरफोन, मधल्याला ब्लॉक्सचा संच, धाकट्याला रिमोटवर चालणारी गाडी. थोरलीनं आईच्याच मोबाईलवर इअरफोनची किंमत शोधली. ते सेलमध्ये बऱ्याच कमी किमतीला मिळत होते. मधल्यानं झाडाखालची पार्सलं मोजली. धाकट्याची गाडी, गाडीचे सेल वेगळे बांधलेले, वर आत्यानं पाठवलेलं अस्वल, म्हणजे त्याला तीन आणि आपल्याला एक. आणि धाकट्याला गाडी आवडली होती, पण ब्लॉक्सचा खोका गाडीच्या खोक्याहून मोठा होता, म्हणून त्याला तो खोकाच हवा होता. नाताळच्या सकाळी उपासनेला जायची वेळ झाली तरी तो रडत होता.

आईंनी पैसे समसमान वाटले होते, पण मुलांपैकी कुणीच पैशांचा हिशेब करत नव्हतं. एकीनं बाजारभाव पाहिला, एकानं नग मोजले, एकानं आकार पाहिला. आई ज्याला न्याय म्हणत होत्या तो तिघांपैकी एकालाही दिसला नव्हता.

धाकटा सोबत आला होता, म्हणून मी टेबलावर रुपयाची पाच नाणी एका ओळीत मांडली आणि त्यांच्या बरोबर खाली आणखी पाच. विचारलं, "दोन्हीकडे सारखी आहेत का रे?" तो "हो" म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतली नाणी लांब लांब सरकवली. एकही नाणं घातलं नाही, काढलं नाही. "आता?" त्यानं लगेच खालच्या ओळीवर बोट ठेवलं, "इथे जास्त." त्याला मोजायला लावलं. वर पाच मोजली, खाली पाच मोजली, आणि पुन्हा ठामपणे म्हणाला, "इथे जास्त." आई माझ्याकडे बघतच राहिल्या.

हा प्रयोग जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना जे डोळ्यांना पसरट, उंच, मोठं दिसतं तेच जास्त वाटतं. यात हट्टही नसतो आणि हावरटपणाही. त्या वयाची समज तेवढीच असते. चार वर्षांच्या मुलाला "अरे, दोन्हींची किंमत सारखी आहे" असं समजावणं म्हणजे त्याला न कळणाऱ्या भाषेत रागावण्यासारखं आहे.

सात-आठ वर्षांचं मूल मोजायला शिकलेलं असतं आणि नियमांवर त्याची भारी श्रद्धा असते. खेळात कुणाची पाळी, बॅटिंग कुणी किती चेंडू केली, सगळं काटेकोर. याच वयात 'सर्वांना सारखं' हा न्याय मुलांना सर्वांत पटतो. कुणाची गरज वेगळी, कुणाचं वय वेगळं, ही सूट ती हळूहळू पुढे द्यायला लागतात. तेराव्या वर्षी ती समज आलेली असते, पण तिथे दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. थोरली किंमत शोधत होती ती पैशांच्या लोभानं नव्हे. "मला काय आवडतं हे घरात कुणाला ठाऊक आहे का?" हा तिचा प्रश्न होता. तो विचारता येत नव्हता, म्हणून तिनं किंमत शोधली. माझ्या मते या घरातली सगळ्यांत खरी तक्रार तिची होती, आणि सगळ्यांत दुर्लक्षितही.

मी आईंना आठवडाभर काहीही विकत न घेण्याची आणि मुलांना काहीही न विचारण्याची विनंती केली. "काय हवं?" असं विचारलं की मुलं बहुधा जाहिरातीत किंवा मित्राकडे पाहिलेलं सांगतात. त्यापेक्षा कुणी सांगितलेलं नसताना, मोबाईल-टीव्ही बंद असताना, मूल आपणहून काय करत बसतं ते एका वहीत टिपून ठेवा, म्हटलं.

वही घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या आवाजातला वैताग बराच कमी झाला होता. धाकट्याच्या पानावर लिहिलं होतं: आजीच्या ओट्याशी उभा राहून डाळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओततो, सांडली की परत भरतो, अर्धा अर्धा तास. मधल्याच्या पानावर: गच्चीवर मुलांशी भांडण, पतंग कुणी कापली यावरून, मग स्वतःच नियम लिहून काढले. थोरलीच्या पानावर एकच ओळ होती, पण ती लिहिताना आईंनी पेन जोरात दाबलं असावं: आजीच्या मशीनवर माझी जुनी कुर्ती कापून टॉप शिवला, मला आज कळलं.

तिथून पुढे भेटवस्तू ठरवायला फारसा वेळ लागला नाही. धाकट्यासाठी खेळण्यांच्या दुकानात जायची गरजच नव्हती. भांड्यांच्या दुकानातून छोट्या वाट्या, पळी, गाळणं, नरसाळं, आणि पाणी खेळायला एक टब. सासूबाईंना ते खटकलं. "मुलाला भातुकली?" मी त्यांना एवढंच सांगितलं की ओतणं, भरणं, मोजणं यातूनच त्याचा हात बसतो आणि पुढे लिहिताना तोच हात कामी येतो. शिवाय ती सगळी भांडी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात घालून बांधा, असंही सुचवलं. या वयाला मोठा खोका हवा असतो, तर तो द्यावा. त्याला काही खर्च येत नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मंगळ बाजारात, रस्त्यावरच्या पथाऱ्यांवर या दिवसांत चमकणारी, गाणारी खेळणी ढिगानं येतात. घरात चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर खेळण्यातला बटण सेल (बटणासारखी चपटी, गोल बॅटरी) कुठे आहे ते आधी बघा. त्याचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं घेऊ नका. बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी मुलाला वाट न पाहता थेट दवाखान्यात न्यावं. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी तोंडात मावेल असा कुठलाही सुटा भाग नको. आणि 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते खोक्यावर शोधायला अर्धा मिनिट लागतो. मोठ्या भावंडांच्या खेळण्यातले लोहचुंबकाचे बारीक मणीसुद्धा धाकट्याच्या हाती लागता कामा नयेत.

अहमदाबादच्या आत्या यंदा धाकट्याला टॅब द्यायचा म्हणत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात बसून स्क्रीन पाहणं एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर आणखी चांगलं. ज्या वस्तूवर पहिल्या दिवसापासून "पुरे आता" म्हणत बसावं लागेल ती या वयाला भेट म्हणून कशाला द्यायची? पण आत्यांचं मन मोडायचं नव्हतं. "पाठवू नका" म्हटलं की नातेवाईक दुखावतात, "हे पाठवाल का?" म्हटलं की त्यांनाही सोपं जातं. आईंनी त्यांना चित्रांची जाड पुस्तकं सुचवली आणि त्या आनंदानं तयार झाल्या.

मामा, आत्या, शेजारी असं सगळ्यांकडून मिळून लहान मुलापुढे वस्तूंचा ढीग होतो, त्याचंही बघावं लागतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा अभ्यासात 36 चिमुरड्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं होतं. चारच खेळणी असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. या घराला तर सोय आयतीच होती. नाताळ एका दिवसात संपत नाही, 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो चालतो. सगळी पार्सलं एकाच सकाळी फोडायची नाहीत, काही मागून काढायची, असं आजींनीच सुचवलं.

मधल्यासाठी फिरकी, सुती मांजा आणि पतंगांचा गठ्ठा ठरला. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, तीन आठवड्यांवर होतं. सोबत एका पाकिटात वडिलांची चिठ्ठी: 14 जानेवारीला दिवसभर मी गच्चीवर तुझी फिरकी धरणार. पार्सलं मात्र तिघांची मोजून दोन-दोनच ठेवायची, हे मी आग्रहानं सांगितलं. आठ वर्षांच्या मुलाला आकडा दिसायला हवा. तेवढ्यानं त्याची तक्रार मिटणार असेल तर ती मिटवावी.

त्याचा आणखी एक प्रश्न होता आणि त्यानं आई घाबरून गेल्या होत्या. "सांताच्या पार्सलवर तुझं अक्षर का होतं?" मूल असं विचारू लागलं की त्याला बरंच कळलेलं असतं. आधी "तुला काय वाटतं?" असं विचारावं आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं असेल तर खरं सांगावं. वडिलांनी त्याला चौथ्या शतकातल्या मायरा शहरच्या बिशप निकोलस यांची, म्हणजे ज्यांच्यावरून सांता आला त्यांची, कथा सांगितली. गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप त्या घरात मोहरांच्या थैल्या टाकल्या होत्या म्हणतात. "आता तूही त्या कटात सामील," म्हणाले. धाकट्याचा खोका बांधायचं काम त्याच्याकडे आलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नाव त्यानं डाव्या हातानं लिहिलं.

थोरलीशी मी वेगळं बोलले. तिला मोबाईल हवा होता, आणि वडिलांनी "सहामाहीत नव्वद टक्के आण, मग नाताळला बघू" असं सांगून ठेवलं होतं. मी वडिलांना ते मागे घ्यायला सांगितलं. अट घातली की ती भेट राहत नाही, मजुरी होते. मोबाईल द्यायचा की नाही, कधी, कुठल्या नियमांनी, हा घरातला एक स्वतंत्र निर्णय आहे. तो रंगीत कागदात गुंडाळून सणाच्या सकाळी द्यायचा नसतो, कारण दुसऱ्याच दिवशी त्यावरून नियम लावायला बसलं की मुलीला दिलेलं परत घेतल्यासारखं वाटतं. तिला हेही मोकळेपणानं सांगा, म्हटलं, की नाताळसाठी आपल्या घराचा एकूण खर्च एवढा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला घरातले पैसे कळायला हवेत.

तिला दिली ती कापड कापायची मोठी, जड, शिंप्याकडे असते तशी कात्री. तिच्या नावाची, दुसऱ्या कुणी कागद कापायलाही वापरायची नाही अशी. दुसऱ्या पार्सलमध्ये आजीच्या मशीनचा नवा पट्टा आणि तेलाची बाटली होती, कारण ते मशीन मध्येच अडायचं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत आई भेटल्या. मधल्यानं पार्सलं मोजलीच, दोन-दोन निघाली, विषय संपला. धाकटा खोक्यात जाऊन बसला आणि भांडी बाहेर फेकली. ती त्याला तिसऱ्या दिवशी आठवली, आता आंघोळीहून उठवणं कठीण झालंय. थोरलीनं मंगळ बाजारातून आणलेलं पहिलं कापड वाकडं कापलं, दुसऱ्याचा धाकट्याला एप्रन शिवला. इअरफोनसारखी कात्रीची किंमत शोधली का, असं मी विचारलं. "माहीत नाही," आई म्हणाल्या, "पण कुठून आणली ते विचारलं, आणि तिथे मलाही घेऊन चल म्हणाली."

मोबाईलचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वार्षिक परीक्षा झाल्यावर आईवडील तिच्यासोबत बसून नियम लिहून काढणार आहेत. तोपर्यंत तिनंही स्वतःचे नियम लिहून आणावेत आणि मग तिघांनी मिळून माझ्याकडे यावं, असं ठरलंय.